मुंजाभाऊ आणि चौकड्यांचा कोट

टीव्हीवरचा कार्यक्रम आवडला नाही की मुंजाभाऊ हातातल्या स्टीलच्या पेल्यावर बोटातली अंगठी दोनदा वाजवत. टिंग टिंग. कंडक्टरची डबल बेल. म्हणजे गाडी जाऊ द्या, इथं आपलं कोणी उतरणार नाही. मग तो कार्यक्रम पडद्यावर खुशाल अर्धा तास चालू राहो, आमच्या बैठकीत दाटीवाटीनं बसलेल्या वीस-पंचवीस माणसांपुरता तो तिथंच संपलेला असे. आवडला तर एकच टोला. टिंग. म्हणजे थांबा. पण हा एकेरी टोला मी चार-पाचदाच ऐकला असेल, आणि त्यातला एक तर पेला हातातून निसटताना अंगठीला लागला म्हणून.

टीव्ही माझा होता. खोली माझी, सतरंजी माझी, पेला माझा आणि पेल्यातलं पाणीही माझंच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे वागलो ते वाचताना एवढी तरी बाजू माझ्याकडून असावी.

मुंजाभाऊ आमच्या परतूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. उंच, भरदार, खाकी कपड्यांची घडी मोडू न देणारा माणूस. चेहरा मात्र कोऱ्या तिकिटासारखा. त्यावर राग, आनंद, थकवा काहीच छापलेलं दिसायचं नाही. सगळा माणूस आवाजात होता. कंट्रोलरच्या खोलीतला माईक त्यांच्या हातात आला की बसस्टँडवरच्या माणसांच्या माना आपोआप भोंग्याकडं वळत.

‘‘परतूर-जालना गाडी फलाटावर लागलेली आहे. खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांनी कृपया स्वतःचाच रुमाल टाकावा.’’

‘‘वाटूरकडं जाणारी गाडी अजून आलेली नाही. ज्यांना घाई हाय त्यांनी पायी निघावं. गाडी आलीच तर रस्त्यात तुम्हाला गाठंल, न्हाई आली तर तुम्ही वाटूरला पोचून तिची वाट बघावी.’’

एकदा तर त्यांनी पुकारलं, ‘‘हिरव्या लुगड्यातल्या मावशी जालन्याच्या गाडीत जागा धरून बसल्यात. त्यांचे मालक सेलूच्या गाडीत जागा धरून बसलेत. दोघांनी आपसात बोलून एका गाडीत यावं. गाडी कोणतीही चालंल.’’

हे सगळं एका सुरात, शोकसभेला बोलावं तसं. लोक इतके हसायचे की हसता हसता गाड्या चुकायच्या. वरच्या साहेबांकडून दोनदा कागद आला, माईकवर फक्त गाडीचं नाव आणि वेळ सांगावी म्हणून. मुंजाभाऊंनी तो कागदही माईकवर वाचून दाखवला. शेवटी साहेबांच्या सहीचा उच्चारसुद्धा केला.

आता माझं सांगतो. मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळं विनोद ही आपल्या खात्याची बाब आहे असा माझा समज होता. स्नेहसंमेलनात प्रास्ताविक माझ्याकडं असे. मी आठ दिवस आधीपासून त्यात तीन विनोद घालायचो. पहिल्याला पोरं टाळ्या वाजवायची, कारण त्यांना वाटायचं भाषण संपलं. दुसऱ्याला हेडमास्तर घड्याळ बघायचे. तिसरा मी बहुतेक वेळा गाळायचो. आणि तिकडं हा माणूस गाडी लेट झाली एवढंच सांगून शंभर माणसं हसवायचा. रोज संध्याकाळी शाळेतून येताना स्टँडवरून येणारं ते हसू माझ्या कानावर पडायचं आणि मी सायकल उगीच जोरात मारायचो.

मग टीव्ही आला. म्हणजे मी आणला. ऐंशीनंतरची मधली वर्षं ती. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. गच्चीवर अँटेना, आणि चित्र हललं की कोणीतरी वर जाऊन ती फिरवायची, खालून बाकीच्यांनी ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचं. गल्लीतला पहिलाच टीव्ही. माझ्या मनात कुठंतरी असं होतं की आता संध्याकाळी लोक माझ्या घरी येतील, मी मधे मधे चार शब्द समजावून सांगीन, लोक माना डोलावतील.

लोक आले. पहिल्याच दिवशी मुंजाभाऊही आले, ड्युटीवरून सरळ, खाकीत. बातम्या लागल्या. बातम्या देणाऱ्या बाईंनी हात जोडून नमस्कार केला. मुंजाभाऊंनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘बाई एवढ्या नटून आल्यात म्हणजे आज काहीतरी वाईटच सांगणार.’’

बाईंनी पहिलीच बातमी पुराची दिली. खोली फुटली. आमच्या कोपऱ्यावरचे रहीमचाचा, शिलाईकाम करायचे, ते मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘क्या बात हय मुंजाभाई, एकदम बराबर!’’ आणि मी जे काही समजावून सांगणार होतो ते माझ्याजवळच राहिलं. पुढं कायमचं.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन टीव्ही चालू असायचे. एक भिंतीशी, एक दाराजवळच्या खुर्चीत. माणसं भिंतीशी असलेल्या टीव्हीकडं तोंड करून बसायची आणि खुर्चीतला ऐकायची.

त्यांची मतं बिलकुल रोखठोक, आणि सगळी गाड्यांच्या भाषेत. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात एक साहेब इस्त्रीच्या पँटमधे कपाशीतून चालत फवारणीची माहिती देत. मुंजाभाऊ म्हणत, ‘‘हे साहेब या रूटवर पहिल्यांदाच आल्यात. स्टॉप कुठं हाय तेच माहीत न्हाई.’’ कौटुंबिक मालिकेत सासू-सून तेरा भाग झाले तरी एकाच चहाच्या कपावरून बोलत होत्या. ‘‘ही गाडी डेपोतून निघालीच न्हाई, नुसतं इंजन चालू करून ठेवून राह्यले. डिझेल जाऊन राह्यलं फुकट.’’ टिंग टिंग. शास्त्रीय गायनाला मात्र ते मान देत. गवई आलाप घेऊ लागले की म्हणत, ‘‘घाट हाय. बोलू नका ड्रायव्हरशी.’’

घरातले माझे सगळे लोक त्यांच्या बाजूचे. सुमन, म्हणजे माझी बायको, ती आतून विचारायची, ‘‘मुंजाभाऊ आले का? न्हाई? मग थांबा जरा, आत्ताच कशाला लावता?’’ माझी मुलगी आठवीत होती. एकदा मी हिय्या करून त्यांच्या आधी एक शेरा मारला. एका नटाच्या मिशीवर होता, चांगला होता, आजही मला तो चांगलाच वाटतो. कोणी हसलं नाही. मुलगी मागं न बघता म्हणाली, ‘‘बाबा, ऐकू द्या ना.’’

रविवारी संध्याकाळी अर्धा तास विनोदी कार्यक्रम असायचा. त्याचा पहिला भाग लागला तेव्हा मुंजाभाऊ प्रथमच बुचकळ्यात पडलेले मी पाहिले. पडद्यावर एक माणूस काहीतरी बोलला आणि टीव्हीतून ढीगभर माणसांचा हसण्याचा आवाज आला. मुंजाभाऊंनी आधी आमच्याकडं पाहिलं. आमच्यातलं कोणी हसलं नव्हतं.

‘‘हे हसून कोण राह्यलं?’’ त्यांनी विचारलं.

मी पुढं सरसावलो. इथं माझं ज्ञान कामाला येणार होतं. सांगितलं की ते हसू आधी भरून ठेवलेलं असतं, नंतर पाहिजे तिथं जोडतात.

‘‘म्हणजे माणसं न्हाईतच?’’

‘‘नाहीत.’’

मुंजाभाऊंनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, ‘‘सर, मी रोज जित्या माणसांसमोर बोलतो. कोणाच्या डोक्यावर गाठोडं, कोणाचं लेकरू रडून राह्यलेलं, कोणाला लघवीला जायचं. ते हसले तर हसले. अन् ह्याला हसायसाठी विनंती थांबा लावून दिलाय. हात दाखवला की गाडी उभी!’’ अख्खी खोली हसली, भरून न ठेवलेलं. पण त्यांच्या आवाजाला त्या दिवशी एक धार होती. मला ती चटकन ओळखू आली. तशीच धार माझ्याकडंही होती, मी ती फक्त बाहेर काढत नव्हतो.

त्या कार्यक्रमात एक नट होता. किडकिडीत, मोठ्या चौकड्यांचा कोट घालायचा. गल्लीत त्याला चौकडीवाला असंच नाव पडलं. तो फारसं बोलायचा नाही. त्याचा सगळा खेळ अंगाचा. चालताना डावा खांदा घसरायचा, तो उजव्या हातानं उचलून जागेवर ठेवायचा, की लगेच पँट घसरायची. पँट धरावी तर टोपी उडायची. चेहऱ्याचं तर काय सांगावं, भुवया एकीकडं आणि ओठ दुसरीकडं निघालेले असायचे. मुंजाभाऊंनी त्याला पहिल्याच दिवशी निकालात काढलं. ‘‘हा बिघडलेली गाडी हाय. खडखड लई, मुक्काम काहीच न्हाई.’’

हे एवढ्यावरच राहिलं असतं. पण तेव्हाच सुमननं शेजारून मुंजाभाऊंच्या बायकोला, कावेरीवहिनींना, हाताला धरून आणलं.

कावेरीवहिनींना ऐकू येत नव्हतं. माहेर त्यांचं भोकरदनकडचं, केदारखेड्याचं. लग्नानंतर दोन वर्षांनी मोठा ताप आला, त्यात दोन्ही कान गेले. मुंजाभाऊ तेव्हा वाटूरला ड्युटीवर होते. ते घरी आले तोवर ताप उतरला होता आणि वहिनी त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत होत्या. मूलबाळ झालं नाही. बोलायच्या त्या, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं फार मोठ्यानं, आणि लोक दचकतात हे त्यांना त्यांच्या चेहऱ्यांवरून कळायचं, म्हणून हळूहळू बोलणंच कमी केलेलं. ज्या माणसाला ऐकायला गाव गाड्या चुकवायचं, त्याच्या घरी दिवसभर भांड्यांचा तेवढा आवाज. चार-पाच खुणा होत्या त्यांच्यात. जेवण, पाणी, झोप, बाहेर चाललो, आलो. मुंजाभाऊंना याहून जास्त खुणा जमत नव्हत्या. हात उचलायलाच त्यांना संकोच वाटायचा.

वहिनी त्या रविवारी मागं, माजघराच्या दाराशी बायकांत बसल्या. चौकडीवाला आला. खांदा घसरला, पँट घसरली, टोपी उडाली. मुंजाभाऊ पुढच्या शेऱ्याची तयारी करत होते, आणि मागून एकदम हसू आलं. मोठं, उघडं, मधेच चिरकणारं. आवर कुठं घालायचा ते त्या हसणाऱ्याला माहीतच नव्हतं.

‘‘हे हसून कोण राह्यलं?’’ मुंजाभाऊंनी सवयीनं विचारलं, आणि मागं वळले.

वहिनींनी पदर तोंडात धरला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या हातानं सुमनला पडदा दाखवत होत्या, तुम्ही बघितलं का म्हणून. मुंजाभाऊ वळलेले तसेच राहिले. कोऱ्या तिकिटावर काही छापलं जातंय का ते मी बघत होतो, पण तेवढ्यात त्यांनी तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी ते स्वतः वहिनींना घेऊन आले. कार्यक्रमाच्या पाव तास आधी. बायका मागं बसायच्या, पण त्यांनी सगळ्यांना बाजूला सरकवून वहिनींना अगदी पुढं, टीव्हीसमोर बसवलं. ‘‘चला, चला, पुढं सरका, मागं जागा रिकामी हाय,’’ असं करत. आणि आपण खुर्चीत बसून चौकडीवाल्याला झोडपायला लागले. पहिल्यापेक्षा दुपटीनं.

‘‘माकडचाळे हायेत सगळे. ह्याच्या अंगात माणूस न्हाईच, नुसती सुतळी हाय.’’

‘‘बोलता येत न्हाई म्हणून उड्या मारून राह्यला. मला जर देवानं आवाज दिला नसता ना सर, मी पण हेच केलं असतं. पण लाजंनं मेलो असतो.’’

लोक खूश. मी एक गोष्ट पाहिली होती, पण तिचा अर्थ तेव्हा लावला नाही. इतका झोडला तरी चौकडीवाल्याला त्यांनी डबल बेल कधी दिली नाही. वहिनी समोर हसत असायच्या, मुंजाभाऊ त्यांच्या पाठीमागून तोंडानं त्या नटाचे वाभाडे काढत असायचे, आणि त्यांचे डोळे मात्र पडद्यावरून हलत नसत. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

मग तो रविवार आला. त्या दिवशी आमचे हेडमास्तर माझ्याकडं आले होते. गच्च भरलेली खोली पाहून ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘वा, तुमचं घर म्हणजे सांस्कृतिक केंद्रच.’’ मी फुलून गेलो. त्यांच्यासाठी मी एक वाक्य मनात घोळवत ठेवलं होतं. योग्य क्षणी म्हणायचं. चौकडीवाला शिडीवर चढायला लागला, हाच तो क्षण. मी घसा साफ केला, वाक्य म्हटलं. नेमक्या त्याच वेळी दाराजवळून मुंजाभाऊ म्हणाले, ‘‘चढा, चढा, टपावर जागा हाय.’’

हेडमास्तर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. वर मला कोपरानं ढोसून म्हणाले, ‘‘कोण हो हे? यांना बोलवा की यंदा प्रास्ताविकाला!’’

मी मान वळवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ‘‘मुंजाभाऊ, गावाला हसवता ते ठीक आहे. पण तुमच्या घरच्या माणसाला हसवायला शेवटी चौकडीवालाच लागतो.’’

खोलीतला आवाज बंद झाला. आणि त्या शांततेत समोर बसलेल्या कावेरीवहिनी, ज्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं, त्या शिडीवरून पडलेल्या चौकडीवाल्याला पाहून खळखळून हसल्या. एकट्याच.

‘‘बराबर हाय, सर,’’ मुंजाभाऊ म्हणाले.

बस, तेवढंच. पेला खाली ठेवला. उठून गेले असते तर बरं वाटलं असतं. पण ते बसून राहिले, कार्यक्रम संपेपर्यंत, कारण वहिनी बघत होत्या. शेवटची अक्षरं पडद्यावरून गेली, वहिनी हसऱ्या तोंडानं उठल्या, तेव्हा मुंजाभाऊंनी त्यांना चपला पुढं करून दिल्या आणि दोघं गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. रहीमचाचा आले, खुर्ची रिकामी पाहून उभेच राहिले. ‘‘मुंजाभाई नई आये? मंग हम भी चलते, मास्टर. काम पडेला हय.’’ एकेक करून निम्मी खोली उठली. उरलेल्या लोकांसमोर मला रान मोकळं होतं. मी दोन शेरे मारले. दुसऱ्यानंतर मुलगी अभ्यासाला निघून गेली.

स्टँडवर तर त्याहून कठीण. सोमवारी मी शाळेतून येताना मुद्दाम सायकल हळू केली. भोंग्यातून आवाज आला, ‘‘परतूर-जालना गाडी फलाटावर लागली आहे. प्रवाशांनी बसून घ्यावे.’’ झालं. माणसं उठली, गाडीत बसली, गाडी वेळेवर गेली. कोणाची चुकली नाही. आठवडाभर हेच. म्हाताऱ्या बायका भोंग्याकडं मान वर करून थांबायच्या, पुढं काही येतंय का म्हणून, मग गाठोडं उचलायच्या. वरच्या साहेबांचा शेरा आला म्हणे, कामकाजात सुधारणा आहे.

इतकी वर्षं मला हेच पाहिजे होतं. तो आवाज माझ्या वाटेवरून जायला पाहिजे होता. गेला, तर मला रोज ती सायकल घरापर्यंत ओढत न्यावी लागायला लागली.

सुमन माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या रविवारी तिनं चहाचा कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला.

‘‘तुमचं पोट दुखलं होतं त्या दिवशी. दुसरं काही न्हाई. जाऊन माफी मागून या.’’

‘‘जाईन.’’

‘‘आत्ता. आणि तिथं विनोद करू नका.’’

संध्याकाळचे सहा वाजत आले असतील. कार्यक्रमाचीच वेळ. गावातली वीज मात्र दुपारपासून गेली होती, त्यामुळं आमच्याकडंही कोणी येणार नव्हतं. मी मुंजाभाऊंच्या अंगणाच्या फाटकाशी आलो आणि थबकलो. आतून हसू येत होतं. मोठं, उघडं, मधेच चिरकणारं.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगतो. वाटलं, यांनी स्वतःचा टीव्ही आणला! बहुतेक माझ्यापेक्षा मोठा. दुसऱ्या क्षणी आठवलं की वीज नाही. फाटक अर्धवट उघडं होतं. मी आत डोकावलो.

वहिनी ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. समोर अंगणात मुंजाभाऊ उभे. खाकी पँटवर चौकड्यांचं पांघरूण कोटासारखं अंगात अडकवलेलं, डोक्यावर घरातली जुनी टोपी. ते चालले. डावा खांदा घसरला. उजव्या हातानं त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला. पँट घसरली. पँट धरली, टोपी पडली. एवढा मोठा देह, एवढं पोट, आणि एकेक गोष्ट अगदी हिशेबात. मग शिडी. अंगणात शिडी नव्हतीच, पण ते चढले. चौथ्या पायरीवर पाय निसटला, हात हवेत फिरले, आणि तो चेहरा, ज्यावर मी कधी काही छापलेलं पाहिलं नव्हतं, तो पार विस्कटला. भुवया एकीकडं, ओठ दुसरीकडं, गाल फुगलेले. ते धपकन जमिनीवर बसले. वहिनी पोट धरून हसत होत्या.

हा प्रवेश मी बोललो त्याच रविवारचा. मग त्यांनी त्याच्या आधीचा केला, मग वर्षापूर्वीचा, छत्रीचा. एक हालचाल चुकत नव्हती. आम्ही वीस-पंचवीस माणसं दोन वर्षं त्यांचं बोलणं ऐकत होतो, तेव्हा तो एकटा माणूस टीव्ही बघत होता.

छत्री मिटता मिटता त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. ते तसेच थांबले, धापा टाकत. पांघरूण एका खांद्यावरून लोंबत होतं.

‘‘मुंजाभाऊ,’’ मी म्हणालो, ‘‘माझं चुकलं त्या दिवशी.’’

‘‘खोटं कुठं बोलले तुम्ही?’’ त्यांनी टोपी उचलून झटकली. ‘‘माझं जे काही हाय ते आवाजात हाय, सर. अन् हिच्यापर्यंत आवाज जात न्हाई. ही कधी स्टँडवर आली की लोकं हसताना बघायची, मी घरी आलो की विचारायची हातानं, लोकं काहून हसून राह्यले होते? काय सांगणार? पुन्हा हात तोंडाशी न्यायचा, जेवण दे म्हणायचं.’’

‘‘मग चौकडीवाल्याला एवढ्या शिव्या...’’

‘‘जळत होतो ना! तो तिकडं मुंबईत बसून हिला हसवून राह्यला, तिचं नावही माहीत न्हाई त्याला. अन् मला हिच्यासंग एका खाटेवर बसून हसवता येत न्हाई.’’ त्यांनी डावा खांदा हलवून पाहिला. ‘‘पण कामगिरी पक्की हाय त्याची. खांद्याचं तर मला सहा महिने जमलं न्हाई. ड्युटीवर खोलीचं दार लावून करून बघायचो.’’

‘‘आणि वहिनींना दाखवलं कधी?’’

‘‘कुठं दाखवलं? लाज वाटायची. पण तुमच्याकडं येणं बंद झालं, अन् ही रविवारी साडेपाचलाच लुगडं बदलून दारात बसली. मी खूण केली, न्हाई जायचं. का म्हणून विचारलं, त्याची मला खूण येत न्हाई. मंग करावंच लागलं.’’ त्यांनी घाम पुसला. ‘‘पहिल्या रविवारी घाबरली. तिला वाटलं मला फिट आली. कांदा घेऊन आली नाकाला लावायला.’’

सुमननं विनोद करू नका म्हणून बजावलं होतं, आणि मला तसाही सुचत नव्हता. मी म्हणालो, ‘‘मुंजाभाऊ, मीही जळतच होतो.’’

‘‘चौकडीवाल्यावर?’’

‘‘तुमच्यावर.’’

त्यांना ते खरंच कळलं नाही. त्यांनी खाली स्वतःकडं पाहिलं. धुळीनं भरलेली पँट, लोंबणारं पांघरूण. ‘‘माझ्यावर?’’ ते म्हणाले. ‘‘माझ्यावर काहून?’’

आमची तोंडं हलताना वहिनी आळीपाळीनं दोघांकडं बघत होत्या. मधेच खेळ थांबला हे त्यांना पसंत पडलेलं दिसत नव्हतं. त्यांनी बाजूची चटई ओढली, तिच्यावर हात आपटून मला बसायची खूण केली, आणि मग तोंडच उघडलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला मी. शेजारच्या गल्लीपर्यंत गेला असेल.

‘‘सर, बसा! त्या टीव्हीतल्यापेक्षा ह्यांचं चांगलं हाय!’’

कोपऱ्यावर रहीमचाचांचं शिलाईचं पायमशीन चालू होतं, ते थांबलं. ज्या माणसाला गाडी पंक्चर झाली तरी दहा वाक्यं सुचायची, तो टोपी हातात फिरवत उभा. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, ‘‘काय म्हणली ती?’’

‘‘ऐकलं नाही का तुम्ही?’’

‘‘ऐकलं. तुम्ही सांगा.’’

मी सांगितलं. टीव्हीतल्यापेक्षा ह्यांचं चांगलं हाय, असं म्हणाल्या.

‘‘अजून एकदा सांगा.’’

मी चटईवर बसलो आणि अजून एकदा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं.